वर्षाचं तिखट आणि बाबांचं आजारपण

सोलापूर जिल्ह्यात माहेर असलेल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ३९, लग्नानंतर पुण्यात राहतात. अकरा महिन्यांपूर्वी त्यांचे वडील जठराच्या कॅन्सरने गेले. वय ६७. त्याआधी दीडेक वर्ष ते ‘पित्त होतंय’ म्हणत मेडिकलमधून गोळ्या आणून घेत होते. जेवण कमी झालं, पँट सैल व्हायला लागली, शौचाला काळं होऊ लागलं, तेव्हा कुठे एन्डोस्कोपी झाली. तोवर आजार पसरला होता. सात महिन्यांत सगळं संपलं.

दिवसकार्यालाच आत्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आयुष्यभर ठेचा नि झणझणीत कालवण खाऊ घातलं, पोट जळणार नाही तर काय होणार?” आईने त्या दिवसापासून पाटा-वरवंटा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला. स्वतःपुरतं अळणी-फिकं करून खाते. ताई लिहितात, “आत्यांचा राग आला, पण खरं सांगते, आईने यंदा पाठवलेलं वर्षाचं तिखट मीही डब्यात तसंच ठेवलंय. मुलांच्या भाजीत घालायला हात धजत नाही. आईला ते कळलंय.” धाकटा भाऊ ३६ वर्षांचा. त्यालाही ‘पित्ता’चा त्रास आहे, पण तपासायला तयार नाही. “आपल्या रक्तातच असेल तर तपासून काय होणार?” म्हणतो. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. ताई विचारतात, आईच्या तिखटाने बाबांना कॅन्सर झाला का? आम्ही भावंडांनी काय करावं? आणि आत्यांना काय सांगावं?

ताई, तिखटाच्या डब्यापासूनच सुरू करते, कारण सगळ्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल लिहिलेली ती एकच गोष्ट आहे. आत्या बोलून मोकळ्या झाल्या. तुम्ही काही बोलला नाहीत, पण डबा बंद ठेवलात, आणि आईला तुमचं उत्तर मिळालं. म्हणून आधी त्या तिखटाचं काय ते बघू.

मिरची आणि जठराचा कॅन्सर यांचा संबंध शोधायचा प्रयत्न झालेला आहे. मेक्सिकोत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिरची खाणाऱ्यांमध्ये हा कॅन्सर जास्त दिसला होता, हे मी लपवत नाही. स्वतःला ‘फार तिखट खाणारे’ म्हणवणाऱ्यांत तर आणखी जास्त. पण त्याच अभ्यासात मिरची दिवसातून किती वेळा खाल्ली हे मोजलं, तर धोका त्या मापात वाढताना स्पष्ट दिसला नाही. नंतरच्या अभ्यासांची उत्तरंही एकमेकांशी जुळली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था फ्रान्समधल्या लियॉनला आहे. कुठल्या गोष्टीने माणसाला कॅन्सर होतो हे पुराव्यानिशी सांगणाऱ्या याद्या ती करते. जठराच्या कॅन्सरची सिद्ध झालेली कारणं म्हणून त्या यादीत एक जंतू आहे, धूम्रपान आहे. मिरची नाही.

जगाच्या नकाशावर ठेवून पाहिलं तरी मिरचीचा हिशेब लागत नाही. २०२२ साली जगात जठराच्या कॅन्सरचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ६ लाख ६० हजार माणसं त्याने गेली. या आजाराचं सर्वांत जास्त प्रमाण पूर्व आशियात आहे. मंगोलिया, जपान, कोरिया हे देश वरच्या रांगेत आहेत. जपानी जेवणात मिरची चवीपुरती, कोरियन जेवणात भरपूर. तरी दोघे शेजारी-शेजारी. आणि आपल्याकडे, जिथे लेकरू चार वर्षांचं झालं की पानात चटणी येते, तिथे हा कॅन्सर तुलनेने बराच कमी. नुसत्या नकाशावरून कारण ठरवता येत नाही, देशादेशांत शंभर फरक असतात. पण ज्या वस्तूवर दोष टाकायचा, ती निदान नकाशाशी थोडी तरी जुळायला हवी. तुमच्या आईचा ठेचा जुळत नाही.

मग काय जुळतं? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आत्यांच्या बोलण्यातला खरा कच्चा दुवा मला या संशोधनात सापडला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला हजारो जपानी माणसं ऊसमळ्यांत मजुरी करायला हवाईला गेली. काही पुढे कॅलिफोर्नियात स्थिरावली. तिथेच म्हातारी झाली, तिथेच मेली, त्यांच्या मृत्यूच्या नोंदी राहिल्या. विल्यम हेन्झेल आणि मिनोरू कुरिहारा या संशोधकांनी त्या नोंदी चाळून १९६८ साली एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न साधा होता. देश बदलला की कॅन्सर बदलतो का? आतड्याच्या कॅन्सरच्या बाबतीत उत्तर आलं, हो, आणि लवकर बदलतो. स्थलांतर केलेल्या पहिल्या पिढीतच तो अमेरिकेच्या पातळीकडे सरकला. जठराच्या कॅन्सरचं तसं झालं नाही. जे जपानात जन्मून, वाढून मग अमेरिकेत आले, त्यांच्यात तीस-चाळीस वर्षांनंतरही त्याचं प्रमाण बऱ्याच अंशी जपानसारखंच चढं राहिलं. त्यांची मुलं अमेरिकेत जन्मली. चेहरा तोच, रक्त तेच. त्यांच्यात मात्र ते झपाट्याने उतरलं.

ताई, याचा अर्थ नीट बघा. रक्त तेच असून प्रमाण उतरलं, म्हणजे तुमच्या भावाचं ‘रक्तातच आहे’ हे अर्ध्याहून जास्त खोडून निघालं. आणि मोठेपणी देश बदलूनही आई-बापांचा धोका फारसा उतरला नाही, म्हणजे या आजाराचं बी कुठेतरी लहानपणीच पडत असावं. ते बी कोणतं, हे कळायला आणखी चौदा वर्षं जावी लागली.

१९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी माणसाच्या जठरातून मळसूत्रासारखा पिळदार एक जंतू वेगळा काढून वाढवला. जठरात इतकं आम्ल असतं की तिथे जंतू जगूच शकत नाही, असं तोवर सगळे धरून चालले होते. जठराची सूज आणि अल्सर या जंतूमुळे होतात, हे मार्शलचं म्हणणं कुणी ऐकेना. १९८४ मध्ये त्याने जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. थोड्याच दिवसांत त्याला मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराच्या अस्तराला सूज आलेली दिसली. त्या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी, दवाखान्यात नुसतं एच. पायलोरी म्हणतात. १९९४ मध्ये लियॉनच्या संस्थेने त्याला कॅन्सरच्या सिद्ध कारणांच्या पहिल्या गटात घातलं. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

जपानमधल्या एका अभ्यासाचे आकडे मला फार बोलके वाटतात. २००१ साली ते प्रसिद्ध झाले. पोटाच्या तक्रारी असलेल्या १५२६ जणांवर सरासरी पावणेआठ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या १२४६ जणांच्या जठरात हा जंतू होता, त्यांपैकी ३६ जणांना जठराचा कॅन्सर झाला. २८० जणांमध्ये जंतू नव्हता. त्यांच्यातल्या एकालाही झाला नाही.

हा जंतू बहुतेकांना लहानपणीच लागतो, शाळेत जायच्या वयाच्या आसपास, आणि मुख्यतः घरातल्या घरात. तोंडावाटे, उलटी-जुलाबातून, अस्वच्छ पाण्यातून. खूप माणसं, थोड्या खोल्या, दूरचं पाणी अशा घरात तो सहज पसरतो. एकदा बसला की औषध दिल्याशिवाय सहसा जात नाही. मग आत काय चालतं ते पेलायो कोरेआ या कोलंबियातल्या डॉक्टरांनी पायरी-पायरीने मांडलं. आधी अस्तराला सतत सूज राहते. पुढे काहींचं अस्तर विरायला लागतं, जुन्या लुगड्यासारखं. त्यातल्या काहींमध्ये जठराच्या पेशींच्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात. त्यांतल्या थोड्यांची ठेवण बिघडते. आणि फारच थोड्यांमध्ये शेवटची पायरी येते. या प्रवासाला तीस, चाळीस, पन्नास वर्षं लागतात. बहुतेक लोक पहिल्या पायरीवरच आयुष्य काढतात, त्यांना कळतही नाही.

आता हा हिशेब तुमच्या घराला लावून बघा. बाबांचं बालपण साठच्या दशकातलं. तुम्हीच लिहिलंय की ती सहा भावंडं, वाड्यातल्या दोन खोल्या, पिण्याचं पाणी गावच्या आडाचं. बाबांच्या पोटात जंतू असेल (त्यांच्या रिपोर्टवर त्याचा उल्लेख आहे का, ते एकदा बघा), तर तो त्या दिवसांतलाच असण्याची शक्यता सर्वांत जास्त. तुमची आई तेव्हा स्वतः दुसऱ्या गावात, परकरात वावरणारी पोर होती. ती या घराचं माप ओलांडून आली त्याच्या वीस वर्षं आधी जे होऊन गेलं, त्याचा जाब आपण तिच्या पाट्या-वरवंट्याला विचारतोय.

आता हा दोष उचलून आजीच्या पदरात टाकू नका, एवढी विनंती. ज्या जंतूचं नाव १९८२ च्या आधी डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं, त्याच्यापासून सहा लेकरांना वाचवायला ती माउली काय करणार होती? आडाचं पाणी शेंदून, फडक्याने गाळून घेत होती, तेवढं पुष्कळ होतं.

तुमच्या मनात आता पुढचा प्रश्न आला असेल. आपल्या देशात तर हा जंतू घरोघरी आहे. अनेक पाहण्यांत निम्म्याहून जास्त प्रौढ माणसांमध्ये सापडतो. मग सगळ्यांना कॅन्सर का नाही? हे कोडं संशोधकांनाही पुरतं सुटलेलं नाही, पण त्याचे काही धागे हाती आलेत. कोलंबियात नारिन्यो नावाचा प्रांत आहे. एका बाजूला अँडीजचा डोंगर, दुसऱ्या बाजूला तुमाको हे किनाऱ्यावरचं गाव, मध्ये जेमतेम दोनशे किलोमीटर. जंतू दोन्हीकडे जवळपास सगळ्यांच्या पोटात. तरी डोंगरातल्या लोकांत जठराचा कॅन्सर किनाऱ्यापेक्षा सुमारे पंचवीसपट. जंतूंची कुळं तपासल्यावर दिसलं की किनाऱ्यावरच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत जंतूही बराचसा आफ्रिकी वाणाचा होता, पिढ्यान्‌पिढ्यांचा सोबती. डोंगरातल्या मूळ रहिवाशांच्या पोटात मात्र स्पॅनिश लोकांबरोबर आलेल्या युरोपी वाणाचा वाटा मोठा होता. माणूस आणि जंतू यांचं एकमेकांशी किती जुनं नातं आहे, यावरही नुकसान ठरतं असं त्यावरून दिसतं. पूर्व आशियातला वाण त्याहून जहाल आहे.

आणि जंतूच्या जोडीला इतर गोष्टी येतात. मीठ मुरवून टिकवलेलं अन्न ही त्यातली मोठी. जपानच्या उत्तरेकडच्या थंड भागात पूर्वी खारवलेले मासे, खारवलेल्या भाज्या रोजच्या असत. कडक मीठ अस्तराला इजा करतं आणि जंतूचं फावतं. घरोघरी फ्रिज आला, ताजी भाजी बारा महिने मिळू लागली, तसा हा कॅन्सर जगभर उतरत गेला. अमेरिकेत १९३० च्या दशकात कॅन्सरने मरणाऱ्या पुरुषांत जठराचा कॅन्सर सर्वांत पुढे होता, आज तो तिथे बराच मागे पडलाय. आपल्या देशातलं उदाहरण हवं तर मिझोरामचं आहे. २०२० साली आलेल्या राष्ट्रीय अहवालात पुरुषांमध्ये कॅन्सरचं सर्वाधिक प्रमाण ऐझॉल जिल्ह्यात होतं, आणि तिथे जठराचा कॅन्सर फार मोठ्या प्रमाणात आढळतो. धुरावर सुकवलेलं, खारवलेलं मांस-मासे, भरपूर धूम्रपान, आणि तंबाखूच्या धुराचं पाणी तोंडात धरायची तिथली सवय, तुईबुर म्हणतात त्याला, या सगळ्यांचा त्याच्याशी संबंध अभ्यासांत दिसला.

तंबाखूवरून आठवलं. पत्रात एका ओळीत तुम्ही लिहून गेलात की बाबा तीस वर्षं बिड्या ओढत. आत्यांनी ठेच्याचं नाव घेतलं, बिडीचं कुणीच घेतलं नाही. मी ते आता घेतेय ते बाबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला नाही. बिडीने धोका वाढतो हे खरं, पण तीस वर्षं बिडी ओढून या आजाराशिवाय गेलेली माणसं तुमच्याच गावात डझनभर असतील. हजारो लोकांच्या नोंदींतून ‘धोका इतका वाढतो’ एवढं सांगता येतं. एका माणसाच्या बाबतीत नेमकं कशाने झालं, हे कुठल्याच डॉक्टरला बोट ठेवून सांगता येत नाही. आपण घरात मात्र तेच करू बघतो, कारण कारण सापडलं की दुःखाला बसायला जागा मिळते. ती जागा तुमच्या घरात आईची पाठ झालीय.

तुमच्या जिल्ह्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहून जाईल. हे असले नकाशे आकाशातून पडत नाहीत. मुंबईत १९६३ पासून कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायला सुरुवात झाली. पण शहरातल्या नोंदीवरून खेड्याचं कळत नव्हतं. १९८७ पासून तुमच्याच बार्शीत ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसं गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून, कोण आजारी, कुणाला काय झालं, हे टिपत आली. आपल्या भागात कुठला कॅन्सर जास्त आणि कुठला कमी, हे आज कुणी ठामपणे सांगू शकतं ते त्या पायपिटीमुळे. आपल्याकडे जठराचा कॅन्सर कमी आहे हे कळून तुमचं दुःख हलकं होणार नाही, ते मला समजतं. मुलांच्या ताटाची धास्ती तरी थोडी कमी व्हावी म्हणून सांगितलं.

आता तुम्हा भावंडांचं.

‘रक्तातच असेल’ या भावाच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट-तिप्पट होतो. त्यातला काही भाग रक्ताचा, काही एकाच घरातल्या जंतूचा. निव्वळ आनुवंशिक असे प्रकारही आहेत. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं याने जात होती. १९९८ साली त्यामागचं बिघडलेलं जनुक सापडलं. पण असे प्रकार शेकडा एक ते तीन. घरात चाळिशी-पन्नाशीच्या आत कुणाला जठराचा कॅन्सर झालाय, दोन-तीन जवळच्या नात्यांत झालाय, किंवा त्याबरोबर स्तनाचा कॅन्सरही दिसतोय, अशा घरांनी जनुकीय सल्ला जरूर घ्यावा. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. तरी आजोबा नेमके कशाने गेले हे थोरल्या काकांना विचारून ठेवा.

पण ‘तपासून काय होणार’ याला मात्र उत्तर आहे, आणि ते भावाला जसंच्या तसं सांगा. कोरियात नेमकी तुमच्यासारखी माणसं, म्हणजे ज्यांच्या आई-बापांना किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झाला होता आणि ज्यांच्या स्वतःच्या पोटात जंतू होता, अशांपैकी निम्म्यांना जंतूवरचं औषध आणि निम्म्यांना दिसायला तशाच बिनऔषधी गोळ्या दिल्या. नऊ वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं. २०२० साली निकाल आला. औषध घेतलेल्या ८३२ जणांत १० जणांना कॅन्सर झाला, दुसऱ्या गटातल्या ८४४ जणांत २३ जणांना. ज्यांच्या पोटातून जंतू खरोखर निघून गेला त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ०.८ होतं, ज्यांच्यात राहिला त्यांच्यात २.९. भावाला यातल्या दोन्ही बाजू दाखवा. काही न करताही शंभरातल्या ९७ जणांना त्या काळात काही झालं नाही, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. आणि काही दिवसांच्या गोळ्यांनी धोका निम्म्याहून खाली येतो, म्हणून हात जोडून बसायचंही कारण नाही.

करायचं ते असं. पोटविकारतज्ज्ञाकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, “वडील जठराच्या कॅन्सरने गेले.” नुसतं ‘ॲसिडिटी होते’ म्हणालात तर नुसत्या ॲसिडिटीच्या गोळ्या मिळतील. तुम्हाला काही त्रास नसेल तर श्वासाची किंवा शौचाची चाचणी जंतूसाठी पुरते. रक्ताच्या चाचणीत जुना, होऊन गेलेला संसर्गही दिसत राहतो, म्हणून तिच्यावर विसंबू नये. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या चाचणीआधी साधारण दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागतात, नाहीतर जंतू असून ‘नाही’ असा निकाल येऊ शकतो. हे कित्येकांना कुणी सांगतच नाही. भावाच्या बाबतीत मात्र त्याला त्रास आहे आणि घरात आजार झालेला आहे, म्हणून डॉक्टर बहुधा थेट एन्डोस्कोपी सुचवतील, आणि त्यात अस्तराचे बारीक नमुनेही घेता येतात. तो बाबांच्या एन्डोस्कोपीला बरोबर गेला होता, असं तुम्ही लिहिलंय. त्याची भीती तिथली असणार. त्याला सांगा, रात्रभर उपाशी राहायचं, घसा बधिर करतात, नळी आत असते पाच-दहा मिनिटं. बाबांच्या वेळची ती खोली आठवून तो थबकेल, म्हणून तुम्ही बरोबर जा. जमलं तर आधी तुमची चाचणी करून घ्या आणि मग त्याला घेऊन जा.

जंतू निघाला तर तीन-चार औषधांचा कोर्स असतो, बहुतेकदा चौदा दिवसांचा. तोंड कडू होतं, पोट बिघडतं, आणि लोक सहाव्या दिवशी सोडून देतात. आपल्याकडे यातल्या काही औषधांना जंतू पुष्कळ प्रमाणात दाद देत नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून हा कोर्स कधीच घेऊ नका. संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून जंतू गेला याची खात्री करून घ्यायची. पुष्कळ लोक ही चाचणी करतच नाहीत. आईंचीही एकदा चाचणी होऊ द्या, त्या घरात चाळीस वर्षं राहिल्यात. त्यांना घेऊन जाताना मात्र ‘तुझ्याकडूनच लागलं का बघू’ असा अर्थ निघणार नाही, याची काळजी घ्या. “आपण सगळेच करतोय” एवढंच म्हणा.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांना एक सांगते. ‘पित्त’ हा आपल्या घरातला फार सोयीचा शब्द आहे, तो सगळ्यावर पांघरूण घालतो. पण पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं पित्त, दोन घासांत पोट भरणं, कारण नसताना वजन उतरणं, गिळताना अडकणं, पुन्हापुन्हा उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणं, यातलं काहीही असेल तर गोळीने बरं वाटत असलं तरी तपासा. गोळीने जळजळ थांबते, आत चाललेलं थांबतंच असं नाही. जपानमध्ये एवढा कॅन्सर असून तिथली पुष्कळ माणसं वाचतात, कारण १९६० च्या सुमारास मियागी प्रांतात एक्स-रेच्या गाड्या गावोगाव फिरवायला सुरुवात झाली आणि आज पन्नाशीपुढच्यांना एन्डोस्कोपीची सोय आहे. अगदी सुरुवातीला सापडला तर हा कॅन्सर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. आपल्याकडे प्रमाण कमी असल्याने सरसकट सगळ्यांची एन्डोस्कोपी कुणी सुचवत नाही, म्हणून लक्षणांकडे बघणं आपल्यालाच करावं लागतं. ताई, हे वाचून ‘आम्ही दीड वर्ष घालवलं’ हे तुमच्या मनात पुन्हा येईल. बाबा स्वतःच म्हणत होते पित्त आहे. तुम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवलात, त्यात तुमचं काय चुकलं?

स्वयंपाकघराचं थोडक्यात. मिठाचा हात आवरता घ्या, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, त्यात लोणचं-पापड-सांडगी मिरची सगळं आलं. कोकणातल्या वाचकांनी खारा बांगडा सोडायची गरज नाही, रोजचा करू नका. फळं, ताज्या भाज्या वाढवा. बिडी-सिगारेट, तंबाखू, दारू यांबद्दल नव्याने काय सांगू? तिखटाने कुणाची छाती जळत असेल, अल्सर असेल, तर त्याने कमी खावं. ती जळजळ वेगळी, कॅन्सर वेगळा. तुमच्या मुलांच्या भाजीत आजीचं तिखट घाला. आणि आईला फोन करून तिखट किती घालायचं ते विचारा, तुम्हाला ठाऊक असलं तरी.

राहिल्या आत्या. त्यांच्याशी वाद घालून जिंकायचं असेल तर वरचे सगळे आकडे तुमच्याजवळ आहेत, पण माझं ऐकाल तर ते वापरू नका. त्यांनीही मोठा भाऊ गमावलाय, आणि दुसऱ्या घरातून आलेल्या बाईवर दोष टाकणं त्यांना त्यातल्या त्यात सोपं गेलं. शिवाय आपण सगळे एक गोष्ट विसरतोय. बाबांच्या लहानपणीच्या त्या दोन खोल्यांत, त्या आडाचं पाणी पिऊन वाढलेली आणखी एक लहान मुलगी होती. आत्या आज ६४ वर्षांच्या आहेत. त्या बाबांच्या सख्ख्या बहीण आहेत, म्हणजे तपासणीची गरज जितकी तुम्हाला, तितकीच त्यांना. इतक्या दिवसांत त्यांना कुणी विचारलं का?

वर्षश्राद्धाला पंगती उठल्यावर, भांडी विसळताना किंवा मागच्या दारी, त्यांना एकट्या गाठा. आईचा विषय काढू नका. एवढंच म्हणा, “आत्या, बाबा आणि तुम्ही एकाच घरात, एकाच पाण्यावर वाढलात. त्यांना जे झालं त्याचं मूळ लहानपणीच्या जंतूत असतं म्हणतात. तुम्हाला पोटाचा काही त्रास नाही ना? आम्ही सगळे तपासून घेतोय, आईसुद्धा. तुम्हीही चला.” त्या आधी नाही म्हणतील. दोन दिवसांनी पुन्हा फोन करा. आल्या तर मुक्कामाला तुमच्याच घरी ठेवा, त्यांच्या गोळ्यांची यादी आधी मागवून डॉक्टरांना दाखवा, आणि श्वासाच्या चाचणीला सकाळी उपाशीपोटी जावं लागतं, चहासुद्धा चालत नाही, हे आदल्या रात्री आठवणीने सांगा.